लाल पाटीची गाठ

असं समज, की तू नऊ-दहा वर्षांची मुलगी आहेस. मुलगा असशील तर आजच्यापुरती मुलगी हो, काही बिघडत नाही. सकाळची वेळ आहे. तू स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला पाठ टेकून उभी आहेस. समोर जेवणाच्या टेबलावर तुझ्या ताईचा लॅपटॉप उघडा आहे. ताई त्याच्याकडे बघते, पुन्हा बघते आणि म्हणते, "आजोबा, वायफाय नाहीये."

आणि तू चौकटीला आणखी घट्ट चिकटतेस. कारण वायफाय का नाहीये, ते सगळ्या घरात फक्त तुला ठाऊक आहे.

झालं समजून? आता तशीच उभी राहा. मी त्या मुलीची गोष्ट सांगतो.

घरात तिला भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिला जमत नसे. दात घासतानासुद्धा ती घरभर फिरायची आणि आई मागून फडकं घेऊन थेंब पुसत यायची. भिंगरी डावखुरी होती. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

तिचे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. आता काम सोडलं होतं, पण कामाची एक वस्तू त्यांनी घरी आणली होती. पत्र्याची लाल पाटी. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'काम चालू आहे. हात लावू नका.' लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या आधी आजोबा वरच्या मोठ्या बटणाला ही पाटी दोरीने बांधायचे. खाली अंधारात माणूस काम करत असताना वर कोणी बटण चालू केलं, तर काय होईल ते मी सांगत नाही. तूच विचार कर. म्हणून त्या कामाचा एक नियम होता. ज्याने पाटी बांधली त्यानेच ती सोडायची. साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही.

घरातही तोच नियम. मिक्सर बिघडला, पाटी. पंखा उघडून ठेवलाय, पाटी. एकदा दुपारी आजोबांनी ती स्वतःच्या पोटावर ठेवून झोप काढली होती, आणि खरंच कोणी त्यांना उठवलं नाही.

आदल्या संध्याकाळी पाटी लॅपटॉपच्या बॅगेवर गेली होती.

ताईची परीक्षा होती. नकाशे बनवायला शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेची प्रवेशपरीक्षा. ती घरी बसूनच द्यायची, पण त्यासाठी संस्थेचं एक सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालावं लागे, आणि ज्या लॅपटॉपवर ते एकदा नोंदवलं त्याच्यावरच परीक्षा. दुसरा कोणाचा मागून आणून चालणार नव्हतं. ताई वर्षभर या परीक्षेसाठी खपली होती. तिच्या पलंगामागच्या भिंतीवर तिने स्वतः काढलेले नकाशे होते. घराचा, गल्लीचा, एक तर चक्क भिंगरी दात घासताना कुठून कुठे जाते त्याचा.

संध्याकाळी आजोबांनी आणि ताईने सगळं तपासून घेतलं. कॅमेरा, आवाज, वायफाय, सगळं ठाकठीक. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली, 'नवीन अपडेट तयार आहेत.' खाली दोन बटणं, 'आत्ता करा' आणि 'नंतर'.

"नंतर," आजोबा म्हणाले. "मोठा पाहुणा येणार असेल त्या दिवशी लिफ्टमध्ये नवा भाग बसवायचा नसतो. चालतंय ना? मग चालू दे."

ताईने 'नंतर' दाबलं. लॅपटॉप बंद करून बॅगेत गेला, आजोबांनी दोन्ही चेन एकत्र ओढून त्यांना पाटी बांधली. त्यांची ती खास गाठ, घट्ट बसणारी आणि एक शेपूट ओढलं की झटकन सुटणारी. ती गाठ त्या घरात दोघांनाच येत होती. एक आजोबा, आणि दुसरी कोण, ते तू ओळखलंस.

आता त्या दिवशी सकाळी काय झालं ते ऐक. भिंगरी सगळ्यांच्या आधी उठली. ताईसाठी तिने मनात एक चित्र योजलं होतं. एक डोंगर, त्यावर ताई, हातात झेंडा. ते लॅपटॉपवर काढून पडद्याचं मागचं चित्र म्हणून लावायचं, म्हणजे ताईने परीक्षेला लॅपटॉप उघडला की पहिलं तेच दिसेल. तिने गाठ सोडली. पाच मिनिटांचं तर काम, असं स्वतःला सांगितलं. लॅपटॉप चालू केला, डोंगराची एक बाजू काढली, आणि ती चौकट पुन्हा आली. नेमकी डोंगरावर.

तिला ती घालवायची होती. तिने घाईत बटण दाबलं. 'आत्ता करा.'

पडदा निळा झाला. मधे पांढरे ठिपके गोल गोल फिरू लागले. खाली अक्षरं आली, 'लॅपटॉप बंद करू नका.' भिंगरी टेबलाखाली बसली, लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि आतल्या खोलीत आजोबा खोकले की ती आणखी आत सरकायची. ठिपके फिरत राहिले. लॅपटॉप एकदा आपणहून बंद झाला, पुन्हा चालू झाला. शेवटी नेहमीचा पडदा आला तेव्हा तिने पुढे काहीच पाहिलं नाही. झाकण लावलं, बॅगेत घातला, चेन ओढल्या आणि पाटी बांधली. गाठ अगदी सुंदर आली.

म्हणून ती आता दारात उभी होती.

थोड्या वेळापूर्वीच आजोबांनी पाटी सोडली होती. सवयीने उजवीकडची दोरी ओढली, ती आली नाही. पुन्हा ओढली. मग शेपूट डावीकडे सापडलं. "हात म्हातारे झाले माझे," असं पुटपुटत त्यांनी ते ओढलं आणि पाटी खिळ्याला अडकवली. भिंगरीने ते पाहिलं होतं.

"नाहीये म्हणजे?" आजोबा खुर्ची ओढत म्हणाले. "नाव दिसत नाही आपलं?"

"आपलं नाही, शेजाऱ्यांचं नाही, कोणाचंच नाही. खाली कोपऱ्यात ते पंख्यासारखं चिन्ह असतं ना, तेच गायब आहे."

"घाबरायचं नाही. एकेक करू. तुझ्या फोनवर येतंय वायफाय?"

"येतंय."

"म्हणजे राऊटर ठीक. विमानाचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघ."

"नाही गेलं."

"बंद करून चालू कर."

ताईने केलं. तिघंही पडद्याकडे बघत राहिले. कोपरा रिकामाच.

"केबलने फोन जोडला तर?" ताईने स्वतःच विचारलं आणि जोडूनही पाहिला. परीक्षेच्या सॉफ्टवेअरने लगेच लाल अक्षरांत सांगितलं, फोन जोडलेला असताना परीक्षा सुरू होणार नाही. राऊटरची तार थेट लावावी तर त्या पातळ लॅपटॉपला तशी खाचच नव्हती. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. एरवी तो आवाज कोणाला ऐकू येत नसे. अकरा वाजता परीक्षेचं दार बंद होणार होतं, आणि मग थेट पुढच्या वर्षी उघडणार होतं.

"आजोबा, अपडेट तर झाली नसतील?" ताई म्हणाली. "काल ती चौकट आली होती."

"आपण 'नंतर' केलं होतं."

"आपोआप झाली असतील?"

"बंद लॅपटॉपला आपोआप काय होतंय? आणि पाटी होती."

"तरी मी बघते. अपडेटची यादी असते आत." ताईने पडद्यावर कुठेतरी दाबलं, मग एकदम मान वळवली. "भिंगरे, तू हात लावला होतास का गं?"

इथे थांब. आत्ता ती काय म्हणेल असं तुला वाटतं? तिला खरं सांगायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण ताईचा चेहरा इतका पांढरा होता, आणि आजोबा पाटीकडे बघत होते.

"नाही," भिंगरी म्हणाली.

एवढाच एक छोटा शब्द. पण तो खोलीत पडला आणि सगळ्यांनी त्याच्यावर पाय ठेवून पुढची वाट धरली. ताईने उघडलेलं पान बंद केलं.

"बघ," आजोबा म्हणाले. "आता नीट विचार कर. काल चालत होतं. रात्रीत कोणी काही बदललं नाही. आणि आज तो भागच दिसत नाही. काही न बदलता यंत्र बंद पडलं, म्हणजे आत काहीतरी सुटलंय. लिफ्टमध्ये अश्शीच तार सैल होते. वायफायची एक चपटी पट्टी असते याच्या पोटात. ती हलली असणार."

"मग?"

"मग काय. उघडू."

"आजोबा, तुम्ही लॅपटॉप कधी उघडलाय का?"

"लिफ्ट पहिल्यांदा उघडली तेव्हा ती तरी कधी उघडली होती?" ते हसले, पण हसू ओठांपाशीच राहिलं. त्यांनी कपाटातून बारीक पेचकसांची पेटी आणली, टेबलावर पांढरा टॉवेल पसरला आणि लॅपटॉप पालथा घातला.

भिंगरीने त्यांचे हात पाहिले. हल्ली ते थोडे थरथरत. चहाची कपबशी आणताना वाजायची. तेच हात आता तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू काढत होते. एक निघाला. दुसरा निघाला. प्रत्येक स्क्रूबरोबर तिला वाटत होतं की आता काहीतरी तुटेल, आणि जे तुटेल ते पुन्हा कधी जोडता येणार नाही.

ताई बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून बसली होती. "आईला हॉस्पिटलात फोन करू का?"

"आईचा फोन वॉर्डाबाहेर कपाटात असतो, माहीत आहे ना तुला. आणि ती येऊन काय करणार? इंजेक्शन देणार याला?"



तिसरा स्क्रू काढताना पेचकस निसटला. स्क्रू टेबलावरून उडाला, फरशीवर टणकन वाजला आणि कपाटाखाली गेला.

"हलू नका कोणी," आजोबा म्हणाले. "भिंगरे, तू बारीक आहेस. बघ बाळा."

भिंगरी पालथी झोपून कपाटाखाली शिरली. आत धूळ होती, एक जुनं बटण होतं, आणि गार अंधार होता. गाल फरशीला लागला होता. तिथून तिला फक्त पाय दिसत होते. आजोबांचे, चपलेतून टाच बाहेर आलेले. आणि ताईचे. ताईची पावलं एकावर एक चढवलेली होती आणि वरचं पाऊल थरथरत होतं. ताई इतकी घाबरलेली तिने कधी पाहिली नव्हती. अंधारात सोबत कर म्हणून आपण ज्या ताईला उठवतो, तिचेच पाय थरथरत होते.

वरून आजोबांचा आवाज आला. "पाटी होती म्हणून बरं. नाहीतर मी आणखी दहा ठिकाणी शोधत बसलो असतो. पाटीच्या भरवशावर डोळे मिटून हात घालता येतो."

कपाटाखाली भिंगरीला एकदम कळलं. ते आता तिच्या पाटीवर विश्वास ठेवून हात घालत होते. तिने बांधलेल्या.

स्क्रू तिच्या बोटांना लागला होता. तिथेच पडून राहावं असं तिला फार वाटलं. स्क्रू सापडलाच नाही म्हणावं. म्हणजे उघडायचं थांबेल. पण मग अकरा वाजतील. ती सरपटत मागे आली, उभी राहिली. केसांत कोळ्याची जाळी, गालावर धूळ. तळहात पुढे केला. त्यावर स्क्रू होता.

"आजोबा," ती म्हणाली, "ती गाठ तुमची नव्हती. माझी होती."

आजोबांचा पेचकस तसाच हवेत राहिला.

"मी सकाळी सोडली. ती चौकट आली आणि मी 'आत्ता करा' दाबलं. निळं झालं सगळं. मग मी परत बांधली."

ताई उठून उभी राहिली आणि क्षणभर भिंगरीला वाटलं की आता आपल्याला मार बसणार. ताईने कधी मारलं नव्हतं. पण आज काहीही होऊ शकत होतं.

"म्हणून शेपूट डावीकडे होतं," आजोबा हळूच म्हणाले. मग त्यांनी पेचकस खाली ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "आण तो स्क्रू इकडे."

जे स्क्रू निघाले होते ते परत बसले. लॅपटॉप सुलटा झाला.

"आता अगदी आठवून सांग," आजोबा भिंगरीला म्हणाले. "निळं झालं, पुढे काय?"

"ठिपके फिरले. एकदा बंद होऊन चालू झाला. मग मी झाकण लावलं."

"सगळं पूर्ण झालं होतं? मधेच नाही ना बंद केलास?"

"नाही. टक्के शंभर झाले होते. मी बघत होते."

"हे चांगलं केलंस," आजोबा म्हणाले, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच भिंगरीला श्वास पुरला.

ताईची बोटं तोवर चालू लागली होती. आता कुठे शोधायचं ते तिला ठाऊक होतं. काय झालं असेल ते तुला सांगतो. लॅपटॉपच्या पोटात ती वायफायची पट्टी असते ना, तिच्याशी कसं बोलायचं हे लॅपटॉपला एक छोटा प्रोग्राम शिकवतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटमध्ये जुना ड्रायव्हर गेला होता आणि नवा आला होता, आणि नव्याला त्या पट्टीची भाषा येत नव्हती. पट्टी धडधाकट होती, आपल्या जागेवर होती. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

ताईने लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची यादी उघडली. एका नावापुढे पिवळा त्रिकोण होता.

"हा बघा," ताई म्हणाली. "इथे 'मागचा ड्रायव्हर परत आणा' असं बटण असतं. दाबू?"

"तुला काय वाटतं?" आजोबांनी भिंगरीकडे बघून विचारलं.

भिंगरीला बटण हा शब्दच नको झाला होता. "याने आणखी बिघडलं तर?"

"बिघडू शकतं," आजोबा म्हणाले. "पण या वेळी दाबायच्या आधी आपण तिघांनी वाचलंय."

ताईने दाबलं. लॅपटॉप बंद झाला. काळ्या पडद्यात तिघांचे चेहरे दिसले. मग चालू झाला, आणि तेच पांढरे ठिपके फिरू लागले. भिंगरीने ताईचा सदरा मागून मुठीत धरला. ताईने तो सोडवून घेतला नाही.

कोपऱ्यात काहीच नव्हतं. काहीच नव्हतं. मग चिन्ह आलं, आधी फिकट, मग पांढरं. आणि त्याखाली घरच्या वायफायचं नाव.

ताईने लॅपटॉप उचलला, ती खोलीत गेली, दार लोटलं. आतून सॉफ्टवेअरचा 'टिंग' असा आवाज आला. अकरा वाजायला थोडाच वेळ होता, पण होता.

बाहेर दोघंच राहिले. आजोबांनी पेचकस एकेक करून पेटीत ठेवले. भिंगरी वाट बघत होती. भीती गेली नव्हती, नुसती बसायची जागा बदलली होती.

"कशाला उघडला होतास?" शेवटी त्यांनी विचारलं.

तिने डोंगराचं सांगितलं. झेंड्याचंही.

"हं," आजोबा म्हणाले. "गाठ छान बांधतेस तू. मी फसलो. म्हणजे किती छान ते समज." त्यांनी खिळ्यावरची पाटी काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली. "पण आता ही पाटी दिसली की मला दोन वेळा बघावं लागेल. आत्ता तरी."

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओरडणं यापेक्षा खरंच सोपं असतं.

परीक्षा संपली. ताई बाहेर आली तेव्हा तिचे केस विस्कटलेले होते आणि ती खाली बसून नुसती पाणी पीत राहिली. शेवटचे दोन प्रश्न राहिले म्हणाली, बाकीचं बरं गेलं म्हणाली. मग तिने भिंगरीच्या डोक्यातली जाळी काढली.

"मी खूप चिडले होते तुझ्यावर," ती म्हणाली. "अजून थोडी चिडलेय. उद्यापर्यंत चिडणार आहे. पण आईला नाही सांगायचं कोणी. सगळं झालंय ना नीट. ती थकून येते, उगाच तिच्या डोक्याला ताप."

आजोबांनी पेपर उघडला. "मी काही सांगणार नाही," ते पेपरामागून म्हणाले. "माझी गाठ नाही ती."

टेबलावर लाल पाटी होती, दोरी तशीच लोंबत होती. भिंगरी एका जागी बसून होती. कितीतरी वेळ. आजोबांनी दोनदा पेपर खाली करून पाहिलं, की मुलीला बरं आहे ना.

संध्याकाळी जिन्यात आईची पावलं वाजली. ताईने भिंगरीकडे बघून मान हलवली, नको, नको.

भिंगरीने पाटी उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बेल वाजायच्या आधीच जाऊन दार उघडलं.

"आई," ती म्हणाली, "चपला काढायच्या आधी माझं एक ऐक."